आमदारांच्या एकाच पत्रात ब्लॅक हिस्ट्री मंथ आणि बेघरांचे आकडे का असतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. लॉस एंजेलिस कौंटीत (म्हणजे जिल्ह्यात) राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाला तिथल्या असेंब्ली सदस्याचं, म्हणजे आपल्या भाषेत आमदाराचं, फेब्रुवारीचं पत्र आलं. पहिल्या अर्ध्या भागात ब्लॅक हिस्ट्री मंथच्या, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या इतिहासाला वाहिलेल्या फेब्रुवारी महिन्याच्या, शुभेच्छा, बिडी मेसनचं चित्र, सत्कार समारंभाची तारीख. दुसऱ्या अर्ध्या भागात बेघरांची मोजणी, मंजूर निधी, नवी विधेयकं. त्यांनी विचारलं आहे की या दोन्हींचा खरंच काही संबंध आहे, की फेब्रुवारीचं निमित्त साधलंय? आकड्यांवर किती विसंबायचं? आणि भाडेकरू किंवा घरमालक म्हणून आपल्याला यातलं काय लागू होतं?

संबंध आहे, आणि तो सरकारी दप्तरात लिहिलेला आहे: खरेदीखतांत, कर्जाच्या नकाशांत, मतदानाच्या निकालांत. अडचण एवढीच की अशी पत्रं इतिहास सत्कारापुरता ठेवतात आणि बेघरपणा निधीपुरता. मधला दुवा वाचणाऱ्याने स्वतः जोडायचा असतो.

आधी आकडे. लॉस एंजेलिसच्या बेघर सेवा प्राधिकरणाने, म्हणजे लासाने, डिसेंबर २०१८ मध्ये कृष्णवर्णीयांच्या बेघरपणावर खास समितीचा अहवाल काढला. कौंटीच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय ९ टक्के, पण बेघरांमध्ये ४० टक्के, हे त्या अहवालाचं मूळ वाक्य. पुढच्या मोजण्यांत हा वाटा साधारण एक तृतीयांशावर आला. पत्रात ‘तफावत कमी होतेय’ असं लिहिलेलं दिसलं तर जरा थांबा. वाटा टक्क्यात असतो. दुसऱ्या गटाचे बेघर वाढले की पहिल्याचा टक्का आपोआप उतरतो, आणि मधल्या काळात लॅटिनो बेघरांची संख्या वाढली आहे. टक्क्याशेजारी माणसांची संख्या दिली नसेल तर त्या वाक्यावरून काहीच ठरवता येत नाही. देशभरातही चित्र फार वेगळं नाही. २०२४ च्या राष्ट्रीय मोजणीत ७,७१,४८० बेघर सापडले. देशाच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय १२ टक्क्यांच्या आसपास, बेघरांमध्ये जवळजवळ एक तृतीयांश.

हे कशामुळे झालं, ते लॉस एंजेलिसच्याच रस्त्यांवरून सांगता येतं.

बिडी मेसनचं चित्र बहुतेक पत्रांत असतं, आणि ते योग्यच आहे. १८५६ मध्ये इथल्या न्यायालयाने तिला आणि तिच्या कुटुंबाला गुलामगिरीतून मोकळं केलं. सुईणपण करून साठवलेल्या पैशांतून तिने १८६६ मध्ये स्प्रिंग स्ट्रीटवर २५० डॉलरला जमीन घेतली. शहर वाढलं तशी त्या जमिनीची किंमत वाढली आणि ती श्रीमंत झाली. जमीन वेळेवर हातात असली की पुढच्या पिढ्या कशा उभ्या राहतात, याचा हा नमुना. तिच्या जमिनीपासून एक रस्ता पूर्वेला मेन स्ट्रीट लागतो, आणि तिथून स्किड रो, म्हणजे शहरातली बेघरांची जुनी वस्ती, सुरू होते.

पुढच्या शंभर वर्षांत नेमका हाच मार्ग बंद करण्यात आला. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात नव्या वसाहतींच्या खरेदीखतांत अट असायची की हे घर श्वेतवर्णीयांखेरीज कुणाला विकायचं नाही आणि भाड्यानेही द्यायचं नाही. घरकाम करणारी माणसं तेवढी वगळलेली असत. (या अटी आपल्यालाही लागू होत्या. भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्ये भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने ‘श्वेत’ नाही असं ठरवलं होतं.) १९३९ मध्ये सरकारी गृहकर्ज महामंडळाने लॉस एंजेलिसचे नकाशे केले: हिरवा, निळा, पिवळा, लाल. हिरवा म्हणजे कर्जाला सगळ्यात सुरक्षित भाग, लाल म्हणजे सगळ्यात धोक्याचा. वॉट्स आणि बॉयल हाइट्स या वस्त्या लाल. रेडलायनिंग म्हणतात ते हे. सगळा दोष नकाशांना देणं मात्र मला पटत नाही. त्या महामंडळाने स्वतः लाल भागांतही काही कर्जं दिली होती. खरं नुकसान १९३४ मध्ये स्थापन झालेल्या एफएचएच्या, म्हणजे गृहकर्जांना विमा देणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेच्या, कर्जविम्याने केलं, कारण विमा मिळवण्यासाठी तशा वांशिक अटी असाव्यात अशी शिफारस तिच्या नियमपुस्तिकेतच होती. विमा नाही तर बँकेचं स्वस्त, लांब मुदतीचं कर्ज नाही. कर्ज नाही तर घर नाही, फक्त भाडं.

१९४१ मध्ये युद्धसामग्रीच्या कारखान्यांत वंशभेद करण्यावर अध्यक्षांच्या आदेशाने बंदी आली आणि दक्षिणेकडून माणसं लोंढ्याने आली. १९४० मध्ये शहरात ६३,७७४ कृष्णवर्णीय होते, १९५० मध्ये १,७१,२०९. राहायची मुभा मात्र त्याच मूठभर भागांत. १९४२ मध्ये जपानी वंशाच्या रहिवाशांना छावण्यांत पाठवून लिटल टोकियो ही त्यांची वस्ती रिकामी केली गेली होती, तिथे ही माणसं शिरली. दुकानांत, गोदामांत, एका खोलीत पाळीपाळीने झोपून राहिली. त्या भागाला ब्रॉन्झव्हिल नाव पडलं. युद्ध संपून जपानी कुटुंबं परतली तेव्हा यांना बाहेर काढण्यात आलं. एका अन्यायाची भरपाई दुसऱ्याच्या डोक्यावरचं छप्पर काढून झाली. हा भाग स्किड रोला अगदी लागून आहे, पण फेब्रुवारीच्या पत्रांत ब्रॉन्झव्हिल क्वचितच येतं.

कोर्टात लढाया जिंकल्याही गेल्या. वेस्ट ॲडम्समधल्या शुगर हिलवर अभिनेत्री हॅटी मॅकडॅनियल आणि शेजाऱ्यांच्या घरांवरचा खटला वकील लोरेन मिलर यांनी १९४५ मध्ये जिंकला. १९४८ मध्ये शेली विरुद्ध क्रेमर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा अटी न्यायालयांमार्फत अमलात आणता येणार नाहीत असा निकाल दिला. मग साठच्या दशकात सांता मोनिका फ्रीवे शुगर हिलच्या मधूनच काढला गेला.

राज्याच्या पातळीवरचे दोन प्रसंग आमदारांच्या पत्रात असायलाच हवेत, कारण ते विधिमंडळाशी जोडलेले आहेत. पहिला १९५० चा: राज्यघटनेत कलम ३४ घातलं गेलं. कमी भाड्याची सरकारी घरं बांधायची तर आधी स्थानिक मतदान घ्या, असं ते सांगतं. एवढी अट श्रीमंतांच्या कुठल्याही बांधकामाला नाही. दुसरा १९६३ चा: आमदार बायरन रम्फर्ड यांच्या कायद्याने घर विकताना आणि भाड्याने देताना वंशभेद करायला मनाई झाली. पुढच्याच वर्षी मतदारांनी प्रपोझिशन १४ ही घटनादुरुस्ती थेट मतदानात जवळजवळ दोन तृतीयांश मतांनी मंजूर करून तो कायदा निकामी केला. ती दुरुस्ती न्यायालयांनी १९६६ आणि १९६७ मध्ये रद्द ठरवली. मधल्या काळात, ऑगस्ट १९६५ मध्ये, वॉट्स दंगलीत पेटलं होतं.

यानंतरचं सगळ्यांना थोडंफार ठाऊक असतं, म्हणून भरभर सांगतो. १९८० च्या आसपास साउथ गेट परिसरातले टायरचे आणि मोटारींचे कारखाने बंद पडले आणि शाळेपुरतं शिक्षण असलेल्या माणसाची कुटुंब चालवणारी नोकरी गेली. १९८६ च्या कायद्याने क्रॅक (कोकेनचा स्वस्त प्रकार) आणि पावडर कोकेन यांच्या शिक्षेत १०० ला १ असं प्रमाण ठेवलं, त्यातून तुरुंग भरले. आणि १९७६ मध्ये शहराने धोरण ठरवलं की निवारे, अन्नछत्रं, स्वस्त लॉज सगळं स्किड रोमध्येच ठेवायचं: तिसरा ते सातवा रस्ता, मेन ते अलामेडा.

आता आजची साखळी बघा. यूसीएसएफ या सॅन फ्रान्सिस्कोतल्या विद्यापीठाच्या बेनिऑफ केंद्राने जून २०२३ मध्ये राज्यभरातल्या सुमारे ३,२०० बेघरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आमदारांच्या पत्रापेक्षा तो आधी वाचा असं मी सांगेन. बेघर होण्याआधीच्या सहा महिन्यांत त्या घरांचं मध्यम (म्हणजे निम्म्यांचं याहून कमी, निम्म्यांचं जास्त) मासिक उत्पन्न ९६० डॉलर होतं. लॉस एंजेलिसमध्ये एका बेडरूमचं भाडं सहज २,००० च्या घरात जातं. शेवटचं घर कॅलिफोर्नियातच होतं असे ९० टक्के, म्हणजे ‘ही माणसं बाहेरून हवेसाठी येतात’ हे आपल्या पार्ट्यांमध्ये हमखास ऐकू येणारं वाक्य सोडून द्यावं. एकट्या प्रौढांत जवळजवळ निम्मे पन्नाशीच्या पुढचे.

त्या अभ्यासातली सगळ्यात उपयोगी माहिती म्हणजे माणसं कुठून रस्त्यावर आली. स्वतःच्या नावावर भाडेकरार असलेले ३२ टक्के. तुरुंग किंवा तशाच संस्थेतून थेट आलेले १९ टक्के. आणि ४९ टक्के दुसऱ्याच्या घरात राहत होते: मावशीकडे, मित्राच्या सोफ्यावर, मुलीच्या खोलीत. करारनामा असलेल्यांना घर सुटण्याआधी मध्यम १० दिवस मिळाले, दुसऱ्याच्या घरात असलेल्यांना १ दिवस.

इतिहास आणि बेघरपणा जुळतात ते इथे. घर अडचणीत आलं की माणूस नातेवाइकाकडे जातो. त्या नातेवाइकाचं घर स्वतःचं असेल, वर थोडी शिल्लक असेल, घरावर कर्ज काढता येत असेल, तर एका महिन्याचे सहा महिने निघतात. नातेवाईकही भाड्यानेच राहत असेल तर करारात नाव नसलेल्या पाहुण्यामुळे त्याचंच घर धोक्यात येतं, आणि तो दोन आठवड्यांत हात जोडतो. तीन पिढ्या ज्या समाजाला घर घेऊ दिलं नाही, त्या समाजात आधार देणारा आणि आधार मागणारा दोघेही भाडेकरूच असण्याची शक्यता जास्त. व्यसन किंवा मानसिक आजाराचं प्रमाण वेगळं असल्यामुळे एवढी तफावत पडत नाही. संकट आलं की पाठीशी किती भिंती आहेत, त्यावर ती पडते.

पॅसाडेनाशेजारच्या अल्टाडेना या वस्तीकडे याच नजरेने बघावं लागतं. पॅसाडेनातून फ्रीवेने उठवलेली आणि इतरत्र कर्ज नाकारलेली कृष्णवर्णीय कुटुंबं लेक ॲव्हेन्यूच्या पश्चिमेला घरं घेऊ शकली. कौंटीतल्या कृष्णवर्णीय घरमालकीचा तो मोठा अपवाद होता. ७ जानेवारी २०२५ ला लागलेल्या ईटन आगीत तोच भाग मोठ्या प्रमाणावर जळाला. अशा ठिकाणी नेहमीचे घोटाळे दोन. आजीच्या नावावरचं घर वारसांच्या नावे कधी चढवलेलंच नसतं, त्यामुळे मदतीच्या अर्जात मालकी सिद्ध होत नाही. आणि कर्ज फिटलेलं असल्याने विमा घ्या म्हणणारी बँक नसते, म्हणून विमा तुटपुंजा असतो किंवा नसतोच. तुमच्या आमदाराच्या हद्दीत अल्टाडेना असेल तर पत्रात या दोन गोष्टींवर काय लिहिलंय ते शोधा.

आता मोजणीकडे. जानेवारीच्या शेवटच्या दहा दिवसांत ही बेघरांची मोजणी करायची असा केंद्र सरकारचा नियम आहे (२०२५ मध्ये आगींमुळे ती फेब्रुवारीत ढकलली गेली). स्वयंसेवक तीन-चार जणांच्या गटाने जनगणनेच्या एकेका विभागात गाडीतून किंवा पायी फिरतात आणि दिसणारी माणसं, तंबू, झोपायला वापरल्या जाणाऱ्या गाड्या नोंदवतात. कुणाला उठवायचं नाही, काही विचारायचं नाही. एका तंबूत सरासरी किती माणसं, हा गुणक वेगळ्या सर्वेक्षणातून येतो. वंश, वय, आजारपण ही माहितीही त्या नमुना सर्वेक्षणातूनच येते. त्यामुळे कौंटीचा आकडा बऱ्यापैकी भरवशाचा: २०२४ मध्ये ७५,३१२, २०२५ मध्ये ७२,३०८. आकडा जितका खाली उतरत जाईल, म्हणजे शहर, मतदारसंघ, एखादी वस्ती, तितका तो डळमळीत. तीनशे बेघर असलेल्या गावात तीस कमी दिसले तर ते एका पावसाळी रात्रीनेही होतं. आणि मावशीच्या सोफ्यावरचा माणूस या मोजणीत धरलाच जात नाही. शाळांची मोजणी मात्र १९८७ च्या मॅकिनी-व्हेंटो कायद्यानुसार अशा मुलांना बेघर धरते. एकाच पत्रात ‘बेघर कमी झाले’ आणि ‘शाळांत बेघर मुलं वाढली’ असं दोन्ही लिहिलं असेल तर ती चूक असेलच असं नाही. मोजमापं दोन आहेत.

एका रात्रीच्या आकड्यापेक्षा आवक-जावक पाहावी. २०२० च्या निकालांसोबत लासाने सांगितलं होतं की कौंटीत रोज सरासरी २०७ माणसं बेघरपणातून बाहेर पडतात आणि २२७ नव्याने बेघर होतात. रोज दोनशे माणसांना घर देणारी यंत्रणा निकामी म्हणता येणार नाही. तरीही आकडा चढत राहिला. पत्रांतला बहुतेक निधी जावकेवर असतो, आणि वंशाची तफावत तयार होते आवकेत. पत्रातल्या प्रत्येक रकमेपुढे पेन्सिलीने ‘आ’ किंवा ‘जा’ लिहून पाहा.

जावक महाग असते. बेघरांच्या घरांसाठी काढलेल्या शहराच्या २०१६ च्या एचएचएच रोख्यांतून, १२० कोटी डॉलरच्या, बांधली जाणारी घरं २०२२ च्या लेखापरीक्षणात सरासरी सहा लाख डॉलरच्या आसपास पडत होती. बेनिऑफ अभ्यासात मात्र ७० टक्के लोकांना वाटत होतं की महिना ३०० ते ५०० डॉलरची भर मिळाली असती तर घर टिकलं असतं, आणि ८२ टक्क्यांच्या मते ५,००० ते १०,००० ची एकरकमी मदत पुरली असती. हा त्यांचा स्वतःचा अंदाज आहे, प्रयोगाचा निष्कर्ष नव्हे. तरी त्यातली निम्मी माणसं जरी बरोबर असली, तरी गणित उघड आहे.

मग सगळा पैसा आवक थोपवण्यावर का घालत नाहीत? कारण कोण बेघर होणार हे आधी ओळखणं कठीण आहे. भाडं थकलेल्या शंभरांपैकी बहुतेक जण कसेबसे निभावतात, आणि पैसे त्यांनाच दिले तर रस्त्यावरचा आकडा हलत नाही. अर्जाची वेबसाइट आणि करारनाम्याची प्रत मागणाऱ्या योजना तर ३२ टक्क्यांपर्यंतच पोहोचतात. सोफ्यावरच्या ४९ टक्क्यांकडे दाखवायला करारनामाच नसतो. म्हणून आमदाराला विचारायचा माझ्या मते सगळ्यात चांगला प्रश्न: ‘तुम्ही पत्रात दिलेल्या भाडेमदतीच्या योजनेत, करारात नाव नसलेल्या माणसाला पैसे मिळू शकतात का? मिळत असतील तर कुठल्या कागदावर?’ या प्रश्नाचं उत्तर कार्यालयाला शोधावंच लागतं.

घर देण्याच्या रांगेतही पक्षपात शिरलेला होता. कुणाला आधी घर द्यायचं हे ठरवायला अनेक वर्षं एक गुणपत्रिका वापरली जायची. व्यसन, मानसिक आजार, दवाखान्याच्या फेऱ्या यांवर गुण. ज्याला या व्यवस्थेकडून कायम त्रासच झाला तो अनोळखी माणसापुढे हे उघड करत नाही. डॉक्टरकडेच न गेलेल्याच्या आजाराची नोंद नसते. परिणामी कृष्णवर्णीयांना कमी गुण पडत. ती गुणपत्रिका तयार करणाऱ्या संस्थेने २०२० च्या अखेरीस ती मागे घेत असल्याचं जाहीर केलं, आणि लॉस एंजेलिसने पुढे स्वतःचं नवं साधन आणलं.

भाड्यासाठीचं सरकारी व्हाउचर मिळालं तरी काम संपत नाही. सेक्शन ८ या व्हाउचर योजनेत भाडेकरू उत्पन्नाच्या साधारण ३० टक्के भरतो, उरलेलं सरकार देतं. पण घर शोधायला मुदत असते, किमान ६० दिवस, आणि ती वाढवून मागावी लागते. ओळखपत्र, सोशल सिक्युरिटी कार्ड, उत्पन्नाचा पुरावा लागतो. महापालिकेने तंबू हटवले की ही पिशवी त्यातच जाते आणि तीन महिन्यांची मेहनत पुन्हा शून्यावर येते. ग्रँट्स पास खटल्यातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २८ जून २०२४ च्या निकालानंतर, निवाऱ्याची जागा नसली तरी उघड्यावर झोपण्याबद्दल दंड करायला शहरांना मोकळीक मिळाली आहे. पत्रात ‘इतके तळ हटवले’ असा आकडा असेल तर शेजारी ‘त्यातल्या किती जणांना सहा महिन्यांनंतरही घर होतं’ हा आकडा मागा. बेघर व्यक्तीला जन्मदाखला आणि राज्याचं ओळखपत्र फुकट मिळतं, २०१४ च्या कायद्याने. हे ठाऊक नसल्याने कित्येक स्वयंसेवक उगाच फी गोळा करत बसतात.

आमदाराच्या हातात नेमकं काय आहे? असेंब्लीत ८० सदस्य, सिनेटमध्ये ४०. एका असेंब्ली सदस्यामागे सुमारे पाच लाख लोक. भाडेकरूंचे कायदे, राज्याचा निधी, नियोजनाचे नियम हे त्यांचं. तुमच्या गल्लीतला तंबू शहराचा. मानसिक आरोग्य, दवाखाने आणि जनरल रिलीफ ही रोख मदत (एकट्या प्रौढाला महिना २२१ डॉलर, वर्षानुवर्षं तिथेच अडकलेली) कौंटीच्या पाच सुपरवायझरांची. व्हाउचर केंद्र सरकारचे. एप्रिल २०२५ पासून कौंटीत लागू असलेला बेघरपणा आणि घरांसाठीचा अर्धा टक्का विक्रीकर, मेझर ए, हा मतदारांनी दिलेला. त्याचं श्रेय पत्रात आमदाराने घेतलं असेल तर हसून सोडून द्या. मात्र त्या करातला एक तृतीयांशाहून थोडा जास्त हिस्सा ज्या परवडणाऱ्या घरांच्या संस्थेला जातो, ती राज्याच्या कायद्याने उभी राहिली, तेवढं श्रेय विधिमंडळाचं खरं आहे.

जबाबदारीही मागावी. राज्याच्या लेखापरीक्षकाने एप्रिल २०२४ मध्ये लिहिलं की पाच वर्षांत सुमारे २,४०० कोटी डॉलर खर्चूनही त्यातून काय साधलं हे राज्याने सातत्याने तपासलंच नाही. तपासलेल्या पाच योजनांपैकी दोनच किफायतशीर दिसल्या. त्यातली एक होमकी, म्हणजे मोटेलं आणि तयार इमारती विकत घेऊन घरं करणं.

फेब्रुवारीतलं पत्र उपयोगी ठरतं ते कॅलेंडरमुळे. राज्यपाल १० जानेवारीपर्यंत बजेटचा मसुदा देतात, नवी विधेयकं मांडायची मुदत फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास संपते, मेच्या मध्याला सुधारित बजेट, १५ जूनपर्यंत मंजुरी. पत्रात ‘मी विधेयक मांडलं आहे’ असं असेल तर त्याचा क्रमांक घेऊन विधिमंडळाच्या लेजइन्फो साइटवर मजकूर उघडा. एकदोन ओळींचा, काहीच न बदलणारा मजकूर दिसला तर ती नुसती जागा धरून ठेवलेली आहे, खरा मसुदा मार्च-एप्रिलमध्ये घालतील. खर्चाची विधेयकं मे आणि ऑगस्टमध्ये अर्थसमितीच्या सस्पेन्स फाइलमध्ये, म्हणजे एकत्र निकाल लावण्यासाठी बाजूला ठेवलेल्या यादीत, चर्चेविना मरतात. फोन करायचा तो त्या सुनावणीच्या आधीच्या आठवड्यात, आणि तोही कार्यालयातल्या त्या विषयाच्या कर्मचाऱ्याला. समारंभात हात मिळवून सांगितलेलं कुठेच नोंदलं जात नाही.

तुम्ही भाडेकरू असाल तर: भाडं थकल्याची तीन दिवसांची नोटीस आली की शनिवार, रविवार आणि कोर्टाच्या सुट्ट्या त्यात धरत नाहीत. कोर्टाचे कागद मिळाले की उत्तर दाखल करायला १ जानेवारी २०२५ पासून कामकाजाचे १० दिवस आहेत, आधी ५ होते. उत्तराचा फॉर्म यूडी-१०५. फी परवडत नसेल तर सोबत फीमाफीचा फॉर्म एफडब्ल्यू-००१. उत्तर न देणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक, कारण मग बाजू न ऐकताच निकाल लागतो. तुम्ही वेळेत उत्तर दिलं आणि घरमालक ६० दिवसांत जिंकला नाही तर तो खटला सार्वजनिक नोंदीत दिसतही नाही, आणि पुढच्या घराच्या वेळी हे फार मोलाचं ठरतं. २०१९ चा एबी १४८२ कायदा पंधरा वर्षांहून जुन्या बहुतेक इमारतींत वार्षिक भाडेवाढ ५ टक्के अधिक महागाई, आणि काही झालं तरी १० टक्के, एवढ्यावर रोखतो. वकिलाची मदत स्टे हाउस्ड एलएकडे मागा, बाकी सेवांसाठी २११ ला फोन करा.

घर भाड्याने देणाऱ्या मराठी मंडळींना मी हे मुद्दाम सांगतो, कारण इथे चुका नकळत होतात. ‘सेक्शन ८ नको’ असं जाहिरातीत लिहिणं किंवा फोनवर म्हणणं २०२० पासून बेकायदा आहे. व्हाउचर असलेल्या अर्जदाराला फक्त क्रेडिट स्कोअर बघून नाकारता येत नाही. भाडं भरू शकतो याचा दुसरा पुरावा देण्याची संधी द्यावी लागते, २०२४ पासून. ‘कुठलाही गुन्हा असेल तर अर्जच नको’ असा सरसकट नियमही चालत नाही. उत्पन्न भाड्याच्या तिप्पट हवं असेल तर ती तिप्पट भाडेकरूच्या स्वतःच्या हिश्श्याची मोजायची, पूर्ण भाड्याची नाही. इथेच सगळ्यात जास्त अर्ज चुकीने नाकारले जातात.

मंडळातर्फे मदत करायची असेल तर दिवाळीनंतरच्या कपड्यांच्या ढिगापेक्षा गृहप्रवेशाचा संच द्या. सहायक निवासातली (बेघरांना मदतसेवांसह मिळणाऱ्या घरातली) खोली बहुधा रिकामीच मिळते. सिंगल पलंगाच्या दोन चादरी, उशी, ब्लँकेट, टॉवेल, दोन पातेली, तवा, चार ताटल्या, मायक्रोवेव्ह, झाडू, कचऱ्याचा डबा, शॉवरचा पडदा. सगळं नवं. वापरलेल्या गाद्या आणि सोफे नकोत, ढेकणांमुळे इमारती ते घेत नाहीत. आधी इमारतीच्या व्यवस्थापकाकडून यादी मागवा.

आणि ज्यांनी जुन्या वस्तीत घर घेतलंय त्यांनी टायटल रिपोर्टमधला (घराच्या मालकीहक्काच्या अहवालातला) अटींचा जुना दस्त एकदा उघडून पाहावा. ‘श्वेतवर्णीयांखेरीज’ ही ओळ अनेकांच्या कागदांत अजून आहे. ती आज निरर्थक असली तरी काढता येते: दुरुस्तीचा फॉर्म आणि त्या दस्ताची प्रत, आक्षेपार्ह ओळ खोडून, कौंटी रेकॉर्डरकडे द्यायची. लॉस एंजेलिसचं मुख्य कार्यालय नॉरवॉकला आहे. कौंटीचा वकील तीन महिन्यांच्या आत निर्णय देतो. २०२१ च्या एबी १४६६ मुळे रेकॉर्डरनेही स्वतःहून जुनी दप्तरं तपासून या ओळी खोडायच्या आहेत, पण पानं कोट्यवधी आहेत, त्यांच्या रांगेत तुमचा दस्त यायला वर्षं लागतील. फॉर्म स्वतः भरणंच सोपं.